आवाज येतोय, चित्र नाही

जुन्या गेम बॉयचं बटण सरकवलं की पडद्याच्या डाव्या अंगाला लाल दिवा लागतो, निन्टेंडोचं नाव वरून सावकाश खाली उतरतं आणि मधोमध टेकलं की ‘टिं-डिंग’ असे दोन स्वर वाजतात. १९८९ पासून त्यात काही फरक नाही. पण आदल्या रात्री तीन तास खपून ज्याने त्या पडद्यामागे नवा प्रकाश बसवला, त्याची सकाळ कधी कधी वेगळीच उजाडते. लाल दिवा लागतो. दोन स्वरही वाजतात. पडद्यामागचा प्रकाश छान पसरतो. त्या प्रकाशात चित्र मात्र नसतं.

अशा वेळी पहिला संशय पडद्यावर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. पडदा हा रांगेतला शेवटचा गडी. सेल, स्विच, व्होल्टेज ठरवणारं सर्किट, प्रोसेसर, रिबन केबल आणि सगळ्यात शेवटी पडदा. मागे कुणीही अडखळलं तरी नाव खराब होतं ते याचं. अँटेनाच्या काळात गच्चीवरून कुणीतरी “आलं का?” म्हणून ओरडायचं आणि खाली घरातले टीव्हीच्या पाठीत थापा मारायचे. दोष बहुधा गच्चीवरच असायचा.

हातात धरायच्या या खेळांचे पडदे इतके मंद का होते, हे आधी पाहायला हवं, कारण आजच्या दुरुस्त्यांच्या बऱ्याच कटकटी तिथूनच निघतात. गुनपेई योकोई १९६५ साली निन्टेंडोत लागले ते पत्ते छापणाऱ्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला. पुढे त्यांनी खेळणी केली आणि त्यातून एक पद्धत बसवली. अगदी नवं, महागडं तंत्रज्ञान घ्यायचं नाही. जुनं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याला अनपेक्षित कामाला जुंपायचं. कॅल्क्युलेटरचे एलसीडी पडदे असेच स्वस्त झाले होते. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय विकायला ठेवला गेला तेव्हा त्याचा पडदा होता आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, आणि हिरवटपणाच्या चार छटा. मागे प्रकाश नाही. खोलीतला उजेड पडद्यातून आत जायचा, मागच्या रुपेरी थरावर आपटून परत यायचा आणि त्यातच चित्र दिसायचं. बदल्यात चार पेन्सिल सेल पंधरा-पंधरा तास पुरायचे.

त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला. रंगीत, मागून उजळलेला, बघताक्षणी प्रेमात पडावं असा. त्याला सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत आडवे होत. सेगाचा गेम गिअर वर्षभराने आला, त्याचीही भूक तेवढीच. बाजाराने कौल दिला तो योकोईंच्या काटकसरीला: गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर नग खपले.

काटकसरीचा अतिरेक झाला तो २००१ साली. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, ३२ हजारांवर रंग दाखवू शकणारा, आणि तरीही प्रकाशाविना. त्यासोबतच आलेला कॅसलव्हेनिया मालिकेतला ‘सर्कल ऑफ द मून’ हा खेळ मुळात अंधाऱ्या वाड्यात घडणारा. खेळणारे खिडकीकडे तोंड करून, यंत्र तिरकं-वाकडं करत राक्षस शोधायचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘आफ्टरबर्नर’ नावाचं किट आलं. कवच उघडायचं, आतलं थोडं प्लॅस्टिक तासायचं, पडद्यावर प्रकाश पसरवणारी पारदर्शक पाटी बसवायची, दोन तारा सोल्डर करायच्या. धुळीचा एक कण आत राहिला तरी तो कायमचा चमकत बसे. पण लोकांनी ते हौसेने बसवलं. २००३ साली निन्टेंडोनेच समोरून उजळणारा ‘अ‍ॅडव्हान्स एसपी’ काढला आणि २००५ मध्ये त्याची मागून उजळणारी, कितीतरी सरस आवृत्ती. गिऱ्हाईक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलं होतं, ते कंपनीला दिसलं असणारच.

आज दोन प्रकारची कामं चालतात. एकात जुना पडदा तसाच ठेवून त्यामागे प्रकाशपाटी घालतात. हे प्रामुख्याने पहिल्या, विटेएवढ्या गेम बॉयमध्ये. दुसऱ्यात जुना पडदा काढूनच टाकतात आणि आयपीएस जातीचा नवा पडदा बसवतात. अ‍ॅडव्हान्समध्ये हे फार चालतं. तिथे जुन्या एका ठिपक्याच्या जागी नवे नऊ ठिपके उजळतात, २४० बाय १६० चे ७२० बाय ४८० होतात, आणि वीस वर्षांपूर्वीचा खेळ काल छापल्यासारखा दिसतो. दोन्ही कामांत हौशी माणूस योकोईंनी वाचवलेली वीज खर्च करत असतो. हे ध्यानात ठेवलं की पुढचे निम्मे घोळ समजायला सोपे जातात.

आता चित्र नसलेल्या त्या पहिल्या गेम बॉयकडे. त्यात सगळ्यात आधी पाहायची गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना लाज वाटावी. डाव्या कडेला कॉन्ट्रास्टचं दातेरी चाक असतं. यंत्र उघडताना-मिटताना अंगठ्याने ते टोकाला जातं आणि चित्र फिकं होत होत नाहीसंच होतं. ते फिरवून पाहण्याआधी कुणीही सोल्डरिंग आयर्न तापवू नये.

चाकाने काम झालं नाही तर कान वापरायचा. या यंत्राचे दोन भाग असतात. मागच्या भागात प्रोसेसर आणि वीजपुरवठा, पुढच्या भागात पडदा, बटणं आणि स्पीकर. दोघांना जोडणारी २१ तारांची एक चपटी रिबन केबल. चित्राचा संकेत, बटणांचा संकेत, वीज आणि स्पीकरचा आवाज सगळं तिच्यातूनच जातं. हेडफोनचा आवाज मात्र मागच्या भागातूनच बाहेर पडतो. त्यामुळे हेडफोनमध्ये आवाज आहे, पण स्पीकर मुका आणि चित्र गायब, असं असेल तर संशयित एकच: रिबन नीट बसलेली नाही किंवा वाकडी घुसली आहे. स्पीकर वाजतोय, बटणं चालतायत आणि तरीही चित्र नाही, तर मल्टिमीटर घ्यायचा. या जुन्या काचेला प्रोसेसरच्या पाच व्होल्टवर भागत नाही, तिला उणे १९ व्होल्टच्या आसपास वेगळा पुरवठा लागतो आणि तो मागच्या भागातली एक छोटी पाटी तयार करते. नवी प्रकाशपाटी पाच व्होल्टवर मजेत उजळते, म्हणून वीज आहे असा भास होतो. चित्र काढणारी वीज मात्र आलेलीच नसते.

कधी चित्र येतं, पण भलतंच येतं. कंपनीच्या नावाऐवजी एक काळा ठोकळा पडद्यावरून उतरतो, टिं-डिंग वाजतं आणि यंत्र तिथेच गोठतं. नवशिका इथे हात टेकतो, जाणकार मात्र सुटकेचा निःश्वास टाकतो. ते नाव यंत्रात साठवलेलं नसून खेळाच्या कॅसेटमधून वाचून दाखवलं जातं. यंत्राच्या पोटात २५६ बाइटचा एक चिमुकला प्रोग्रॅम असतो. तो कॅसेटमधलं नाव पडद्यावर उतरवतो, मग स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो आणि जुळलं नाही तर पुढे जाऊ देत नाही. कॅसेटचा संपर्कच नसेल तर नावाच्या जागी सगळे ठिपके काळे होतात. म्हणजे काळा ठोकळा दिसणं हीच पडदा ठणठणीत असल्याची पावती. कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायच्या. फुंकर मारायची सवय जगभर होती आणि आपल्याकडच्या टीव्ही गेमवाल्या पोरांनाही होती. तोंडातली वाफ त्या पट्ट्यांना गंज चढवते, एवढंच तिचं कर्तृत्व.

सगळ्यात मजेदार बिघाड म्हणजे उलटं चित्र. डोकं खाली, पाय वर असं नव्हे. फोटोच्या निगेटिव्हसारखं, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं. एलसीडीची काच दोन पोलरायझर पट्ट्यांच्या मध्ये बसवलेली असते. प्रत्येक पट्टी एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश सोडते, बाकीचा अडवते. पोलरॉइडचे दोन गॉगल एकावर एक धरून एक हळूहळू फिरवला तर चौथाई वळणावर सगळं काळं होतं. तोच हा खेळ. प्रकाशपाटी घालायची तर काचेच्या मागचा रुपेरी थर त्याला चिकटलेल्या पोलरायझरसकट सोलून काढावा लागतो. एका कोपऱ्यात ब्लेड घालायचं, टोक उचलायचं आणि मग पट्टी काचेच्या जवळजवळ समांतर ओढत न्यायची. घाई केली की काचेचा कोपरा उडतो. मागे राहणारा गोंद स्टीलच्या नव्या डब्यावरच्या स्टिकरच्या गोंदाइतकाच चिवट. अल्कोहोल टाकायचं, थांबायचं, प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडायचं, पुन्हा थांबायचं. मग नवी पोलरायझर पट्टी. ती नव्वद अंशांनी फिरली की चित्र निगेटिव्ह.

पण काही जण ती मुद्दामच फिरवतात. सरळ बसवली तर मागच्या प्रकाशात चित्र धुऊन निघाल्यासारखं दिसतं. उलटी बसवली तर गडदपणा चांगला येतो, फक्त रंग उलटे होतात. ते पुन्हा सुलटे करायला ७४एचसी०४ नावाची चौदा पायांची चिप लावतात. तिचं काम एकच, आलेला संकेत उलटा करून पुढे देणं. चार छटा सांगायला दोन तारा पुरतात, त्या दोन्ही तारा या चिपमधून नेल्या की उलट्याचं उलटं होऊन चित्र सुलट. यावरून निदान आपोआप निघतं. चित्र पूर्ण निगेटिव्ह आहे म्हणजे दोनांपैकी एकच गोष्ट झाली आहे, एकतर पट्टी फिरवली पण चिप चालत नाही, किंवा चिप चालते पण पट्टी सरळच राहिली. चित्र पूर्ण निगेटिव्ह नाही, पण छटांची आपसांत अदलाबदल झालेली दिसत असेल तर दोन तारांपैकी एकच उलटतेय. जी उलटत नाही तिच्या पायाचा सोल्डर पुन्हा वितळवून पाहायचा.

चित्र नुसतंच धूसर दिसत असेल तर नव्या पट्टीवरचा पारदर्शक संरक्षक पापुद्रा काढला का, हे पाहावं. तो दोन्ही बाजूंना असतो. रिमोटवरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्या घरांत वाढलेल्यांनी तर दोनदा पाहावं.

पडद्यावरच्या उभ्या पांढऱ्या रेघा ही या यंत्राची जुनीच खोड, पण काच उचलताना-बसवताना ती हमखास बळावते. काचेच्या खालच्या कडेला एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. तिथे सोल्डर नसतो, उष्णतेने चिकटणारा वीजवाहक गोंद असतो. बऱ्याच वर्षांनी तो सुटतो आणि जिथे सुटतो तिथली अख्खी उभी ओळ मरते. महाराष्ट्रात गेम बॉय फार थोड्या घरांत आला, पण नव्वदच्या दशकातला स्वस्त ‘ब्रिक गेम’ पुष्कळांच्या हातात होता. त्यातही पडद्याचे काही तुकडे दिसेनासे व्हायचे आणि अंगठ्याने कडेला दाबलं की परत यायचे. तो अंगठा नकळत योग्य जागीच जात होता. सुटलेला संपर्क तो जुळवून धरत होता.

गेम बॉयमध्ये अंगठ्याच्या ऐवजी सोल्डरिंग आयर्न. कवच उघडं ठेवून खेळ चालू करायचा, आयर्न कमी तापमानावर ठेवायचं आणि टोकाच्या सपाट बाजूने त्या पट्टीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हाताने फिरवायचं, धोतराची निरी चापून बसवावी तसं. आयर्न पुढे सरकतं तशा मागच्या रेघा एकेक करून भरत जातात. काही क्षण नव्याच रेघा उमटतात, मग त्याही जातात. एका जागी रेंगाळलं तर मात्र पट्टी जळते, आणि तिथून परतीची वाट नाही. आडव्या रेघा असतील तर दोष काचेच्या बाजूच्या पट्टीत असतो. तिथे हात घालायला अनुभवी लोकही कचरतात.

अ‍ॅडव्हान्समधली दुखणी वेगळी. तिथे नवा पडदा येतो, त्यामुळे गोंद-बिंद नाही. आहे ती विजेची ओढाताण आणि जागेची टंचाई.

पहिली फसगत केबलची. या यंत्राच्या मदरबोर्डांवर पडद्याचं सॉकेट दोन प्रकारचं सापडतं, ३२ पिनांचं आणि ४० पिनांचं. किटमध्ये बहुधा दोन्हीसाठी सोय असते, त्यामुळे बोर्ड उघडून पिना मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग केबलची उघडी बाजू वर की खाली, ती सरळ शेवटपर्यंत गेली का, आणि सॉकेटची चिमुकली खिट्टी नीट परत ढकलली का. ती खिट्टी जुन्या प्लॅस्टिकची, नखाने जोर लावला की काडकन मोडते. केबल एका पिनेने सरकली तर चित्र येत नाही किंवा रंग विचित्र येतात. तिरकी बसली तर अर्ध्या पडद्यावर रेघांचा पाऊस. केबलला हात लावण्याआधी सेल बाहेर काढायचे, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

दुसरं दुखणं जास्त छुपं. पडदा सुरेख चालतो, प्रकाश वाढवला की यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं, किंवा नव्याकोऱ्या सेलवरही हिरवा दिवा लाल होतो. लोक पडदा परत पाठवतात. दोषी असतो वीस वर्षांचा पॉवर स्विच. त्याच्या आतल्या पत्र्यांवर काजळी धरलेली असते. मूळ पडदा वीज इतकी जपून वापरायचा की ती काजळी कुणाला जाणवत नव्हती. नव्या प्रकाशाला जास्त प्रवाह लागतो. समजा स्विचमध्ये एक ओहमचा अडथळा आहे आणि प्रवाह २०० मिलिअँपिअर, तर ०.२ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दोन सेलचे मिळून जेमतेम तीन व्होल्ट असणाऱ्या यंत्राला एवढी गळती परवडत नाही. मल्टिमीटरने एकदा सेलच्या पत्र्यांवर आणि एकदा स्विचच्या पलीकडे व्होल्ट मोजले की चोरी उघडी पडते. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडून तो पंचवीस-तीस वेळा मागेपुढे करायचा. नाही जमलं तर स्विच बदलायचा. सेलच्या पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर ती गळलेल्या अल्कलाइन सेलची. ती अल्कधर्मी असते, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने पुसली जाते.

सेलचंही एक गंमतीचं गणित आहे. पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्या अल्कलाइनवर १.५. साहजिकच दुसरा बरा वाटतो. पण प्रवाह जास्त ओढला की अल्कलाइनचा दम लवकर सुटतो, निकेलवाला मात्र आपल्या आकड्याला चिकटून राहतो. उजळ पडद्याला म्हणून निकेलवालाच मानवतो.

नव्या पडद्याची पाठ धातूची किंवा उघड्या सर्किटची असते आणि ती थेट मदरबोर्डावर येते. मध्ये पिवळसर काप्टॉन टेप लावायला विसरलं आणि सोल्डरचं एखादं टोक टेकलं, की शॉर्ट. फ्यूज उडाला तर साधा दिवाही लागत नाही. कवच उघडं असताना चालणारं आणि स्क्रू पिळताच बंद पडणारं यंत्र याच जातीचं. किंवा कवचाचं प्लॅस्टिक पुरेसं कापलेलं नसतं आणि काचेवर दाब येत असतो. स्क्रू एकेक करून अर्धा वळसा सैल करत चित्र कधी परत येतं ते पाहिलं की कुठला कोपरा चावतोय ते कळतं. असा कोपरा कानशीने तासायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अल्कोहोल, टेप, कानस, मीटर हे सगळं मिळतं. जोर कमी लावायची अक्कल ज्याची त्याने आणायची.

प्रकाश कमी-जास्त करायला किटमधून तीन तारा निघतात, सिलेक्ट आणि वरच्या दोन खांदा-बटणांसाठी. बोर्डावर त्यांच्या जागा ‘टीपी’ अक्षरांनी आणि आकड्यांनी दाखवलेल्या असतात: सिलेक्टला दोन, उजव्या खांद्याला आठ, डाव्याला नऊ. आकडा चुकला की प्रकाश भलत्याच बटणांनी बदलू लागतो. सोल्डर ओघळून ग्राउंडच्या तारेला टेकला तर ते बटण कायमचं दाबलेलं राहतं आणि खेळणारा पडद्याला दोष देत बसतो.

काही तक्रारी तर बिघाडच नसतात. सुरुवातीच्या किटमध्ये पडद्यावरून एक बारीक चीर सरकत गेल्यासारखी दिसे. मूळ यंत्र सेकंदाला ५९.७३ चित्रं काढतं. नवा पडदा बरोबर ६० वेळा ताजा होत असेल तर साधारण दर पावणेचार सेकंदांनी दोघांची पावलं चुकतात आणि चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसतं. तसंच जुन्या खेळांच्या कारागिरांनी मंद काचेचा आळशीपणा गृहीत धरला होता. एखादी वस्तू एक चित्र सोडून दुसऱ्या चित्रात दाखवली की जुन्या पडद्यावर ती पुसट, अर्धपारदर्शक भासायची. नव्या चपळ पडद्यावर ती नुसतीच लुकलुकते. रंगांचंही तेच. अंधाऱ्या पडद्यावर दिसावेत म्हणून अ‍ॅडव्हान्सच्या कित्येक खेळांत रंग मुद्दाम उजळ भरलेले होते. ते आता लग्नाच्या मांडवासारखे भडक दिसतात. यावर सोल्डरिंग आयर्न चालवून उपयोग नाही.

सगळं तपासून झालं, तरीही पडदा अंधारलेलाच असेल, तेव्हा शेवटची परीक्षा जुन्या पडद्याची. म्हणून शहाणी माणसं तो किटच्याच खोक्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. त्याची केबल सॉकेटमध्ये घालायची, सेल टाकायचे, दिव्याखाली धरायचं. जुन्या पडद्यावर चित्र आलं, तर मदरबोर्ड आणि सॉकेट दोन्ही सुटले आणि नव्या पडद्यावरचा आरोप पहिल्यांदाच खरा ठरला. मग तो बेलाशक परत पाठवावा. जुना मात्र आता तसाच बाहेर लोंबकळत ठेवून खेळावं लागतं, कारण त्याला धरून ठेवणारी कवचातली प्लॅस्टिकची चौकट नव्यासाठी आधीच कापून टाकलेली असते.